थाळीवरचा एक रुपया

चाकणच्या तळेगाव चौकात वडापाव पाच रुपयांनी महागला, तर गिऱ्हाईक फार तर नाक मुरडतं, पैसे देतं आणि कंपनीची बस गाठायला पळतं. त्याच गिऱ्हाइकाच्या कंपनीत कँटीनची थाळी एका रुपयानं वाढल्याची नोटीस लागू द्या. पहिला टी-ब्रेक संपायच्या आत ती बातमी प्रत्येक लाइनवर पोचलेली असते. युनियनच्या कमिटी मेंबरला वाटेत गाठून लोक विचारतात, 'हे करारात होतं का?' प्रकरण चिघळलं तर अख्खी शिफ्ट जेवणावर बहिष्कार टाकते आणि उपाशीपोटी मशीनवर उभी राहते. पिंपरी-चिंचवडपासून चाकणपर्यंतच्या पट्ट्यात कँटीन बहिष्काराचं कुणाला नवल वाटत नाही.

नवल वाटावं ते हिशोबाचं. महिन्याचे पंचवीस दिवस, दिवसाला एक रुपया, म्हणजे माणशी वर्षाला ३०० रुपये. मोबाइलच्या एका रिचार्जमध्ये एवढे जातात. कंपनीच्या बाजूनं मोजलं, तर दोन हजार माणसं जेवणाऱ्या कारखान्यात त्या रुपयाचे वर्षाला सहा लाख होतात. रोज गाड्यांचे ट्रेलर भरून बाहेर काढणाऱ्या कारखान्याला सहा लाख म्हणजे किस झाड की पत्ती. रुपया दोघांनाही किरकोळ आहे आणि दोघंही तो सोडायला तयार नाहीत. असं का होतं, हे शोधायला गेलं की त्या खाचांच्या स्टीलच्या ताटात कायदा, महायुद्ध, मानसशास्त्र आणि नारायणगावचे टोमॅटो असं बरंच काही सापडतं.

जहाज आणि म्हाळुंगे

याच कोड्याची श्रीमंत आवृत्ती समुद्रावर पाहायला मिळते. क्रूझच्या तिकिटात राहणं आणि मुख्य डायनिंग हॉलमधलं जेवण धरलेलं असतं, अशी जुनी रीत. २०२१पासून मुंबईहून कॉर्डेलिया क्रूझ निघायला लागल्यावर आपल्याकडच्या पर्यटकांनाही ती ओळखीची झाली. पण गेल्या काही वर्षांत जगभरच्या क्रूझ कंपन्यांनी 'तिकिटात सगळं आलं' या बोलीला बारीक बारीक टाचण्या लावल्या. खोलीवर खाणं मागवलं तर शुल्क, विशेष रेस्टॉरंटचे पैसे निराळे. अमेरिकेच्या कार्निव्हल कंपनीनं तर रात्रीच्या जेवणात तिसऱ्या मुख्य पदार्थापासून पाच डॉलर आकारायला सुरुवात केली. तीन-तीन मुख्य पदार्थ खाणारे लोक असतात किती? तरी बोंब उठली. हजारो डॉलर मोजून आलेली माणसं पाच डॉलरवरून खवळली.

चाकणजवळच्या म्हाळुंग्याच्या कारखान्यातला ऑपरेटर आणि मायामीहून निघालेला प्रवासी यांच्यात साम्य एकच, पण ते मोठं आहे. जेवायला दुसरीकडे जायची सोय दोघांनाही नाही. जहाजाच्या बाहेर समुद्र असतो. कारखान्याच्या बाहेर टपऱ्या असतात, पण आत असतं घड्याळ. १९४८च्या कारखाने कायद्यानुसार सलग पाच तासांपेक्षा जास्त काम करवून घेता येत नसे, मध्ये किमान अर्ध्या तासाची सुट्टी द्यावी लागे. प्रत्यक्षात बहुतेक ठिकाणी तेवढीच मिळते. शॉपपासून गेटपर्यंतचं चालणं, गेटवरची तपासणी, टपरीवरची गर्दी आणि परतीचं पंचिंग यात तो अर्धा तास संपतो. जेवण तसंच राहतं.

बाजारात दर जास्त वाटला की गिऱ्हाईक शेजारच्या दुकानात जातं आणि त्या भीतीनं दुकानदार ताळ्यावर राहतो. जिथे शेजारचं दुकानच नाही, तिथे दुकानदाराला आवरायचं कुणी? पुण्यात २०१८ साली मल्टिप्लेक्समधल्या पॉपकॉर्नच्या दरावरून राडा झाला, तेव्हाही मुद्दा हाच होता. पुढे जानेवारी २०२३मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की, चित्रपटगृह ही खासगी जागा आहे, बाहेरचे पदार्थ आणायला मनाई करायचा हक्क मालकाला आहे. प्रेक्षकावर तिथे जायची किंवा तिथलं विकत घ्यायची सक्ती नाही. कामगाराला असं कोण म्हणणार? त्याला तिथे रोज जायचंच आहे आणि जेवल्याशिवाय दुसरी अर्धी शिफ्ट निघत नाही. म्हणूनच कँटीनसाठी कायद्यानं अगदी वेगळी वाट काढली.

चार सेकंदांना एक ताट

त्या वाटेकडे वळण्याआधी हे जेवण होतं कसं, ते जवळून पाहण्यासारखं आहे. समजा, एका शिफ्टला दोन हजार माणसं आहेत. १९६३च्या महाराष्ट्र कारखाने नियमांप्रमाणे, एका वेळी कामावर असलेल्यांपैकी किमान ३० टक्के लोक एकदम बसतील एवढा भोजनकक्ष हवा. म्हणजे सहाशे जागा. सहाशेच्या हिशोबानं दोन हजार माणसं जेवायला चार पंगती लागतात. प्रत्येकीला अर्धा तास धरला, तर दोन तास. कुणाची जेवणाची सुट्टी पावणेअकराला आणि कुणाची सव्वाबाराला का असते, याचं उत्तर त्या ३० टक्क्यांत आहे. नवा ट्रेनी पहिल्या आठवड्यात पावणेअकराला जेवायला बसतो तेव्हा त्याला भूकच नसते. महिनाभरात त्याचं पोट कारखान्याच्या वेळापत्रकाला लागतं.

आता एक पंगत बघा. चालणं, हात धुणं, पंचिंग आणि शेवटी ताट ठेवणं वजा केलं, तर वाढायला मिळतात जेमतेम दहा मिनिटं. सहाशे माणसं आणि चार काउंटर. प्रत्येक काउंटरवर दीडशे माणसं, म्हणजे चार सेकंदांना एक ताट. तेवढ्यात उसळीचा डाव, भाताची मूद, वरण, कोशिंबीर आणि चपात्या. शेजारच्या शॉपमध्ये एका ऑपरेटरला त्याचं काम करायला मिनिट-दीड मिनिट मिळत असेल, तर वाढप्याची लाइन त्याच्या कितीतरी पट वेगानं पळते. वर त्याला डोकंही वापरावं लागतं, कारण 'भात कमी, उसळ जास्त' हे समोरचा फक्त भुवईनं सांगतो.

माणशी पाच चपात्या धरल्या, तर दहा हजार चपात्या. एका चपातीला तीस ग्रॅम पीठ लागलं तरी तीनशे किलो कणीक. फर्स्ट शिफ्ट गेटातून आत येते तेव्हा ती मळायला पडलेली असते. चपातीचं मशीन गोळे पाडतं, दाबतं, तीन थरांच्या तापलेल्या पट्ट्यांवरून फिरवतं आणि शेवटी फुगलेल्या चपात्या टोपल्यात ढकलतं. तिथे एक बाई नुसती त्या मोजत आणि मधूनच एखादी जळकी बाजूला फेकत उभी असते. वाहनांच्या कारखान्यात याला क्वालिटी चेक म्हणतात.

दरातून वगळलेल्या गोष्टी

आता या ताटाची किंमत किती धरायची? हॉटेलवाला किराणा, भाजी, गॅस, वीज, पाणी, आचारी-वाढप्यांचे पगार, जागेचं भाडं, भांड्यांची झीज आणि कर्जाचं व्याज एकत्र करून त्यावर नफा चढवतो. कँटीनच्या बाबतीत १९६३चे नियम ही यादी हातात घेतात आणि तिच्यावर काट मारत सुटतात. जागा आणि इमारतीचं भाडं दरात धरायचं नाही. इमारतीचा, उपकरणांचा घसारा आणि दुरुस्ती धरायची नाही. टेबलं, बाकडी, ताटं, पातेली धरायची नाहीत. पाणी, दिवे, पंखे नाहीत. गुंतवलेल्या पैशाचं व्याज नाही. स्वयंपाकाचं इंधन नाही. कँटीन कर्मचाऱ्यांचे पगार आणि गणवेशसुद्धा नाहीत. हा सगळा खर्च कारखानदाराचा. उरतो फक्त किराणा आणि भाजी. त्यावरही नफा लावता येत नाही. पदार्थ ना-नफा तत्त्वावर विकायचे, दर कँटीन व्यवस्थापन समितीकडून मंजूर करून घ्यायचा आणि तो सर्वांना दिसेल असा लावायचा. या समितीत कारखानदारानं नेमलेले जितके, तितकेच कामगारांनी निवडून दिलेले सभासद असतात.

ही तरतूद वाचताना चकित व्हायला होतं. १९४८च्या कायद्याच्या पायावर, नव्यानं स्वतंत्र झालेल्या देशात, रेशनच्या रांगा असताना, कुणीतरी बसून विचार केला की जेवणाऱ्याला पर्याय नसेल, तर विकणाऱ्याला नफा नसावा. बाजाराची शिस्त जिथे चालत नाही, तिथे त्यांनी समितीची शिस्त बसवली. जहाजावरच्या जेवणाला असा कोणताही कायदा नाही.

ही कल्पना आभाळातून पडली नव्हती. पहिल्या महायुद्धाच्या काळात चहा उद्योगानं हिंदुस्थानातल्या गिरण्या, खाणी आणि कारखान्यांत चहाचे ठेले मांडायला सुरुवात केली. माल खपवण्यासाठी नवं गिऱ्हाईक हवं होतं आणि दमलेल्या कामगाराइतकं हुकमी गिऱ्हाईक कोणतं? आजच्या टी-ब्रेकची मुळं त्या विक्रीच्या खटपटीतही आहेत. मग दुसरं महायुद्ध आलं. १९४० साली ब्रिटननं आदेश काढला की, युद्धसामग्री बनवणाऱ्या आणि २५०हून जास्त माणसं असलेल्या कारखान्यांना कँटीन काढायला लावता येईल. उपाशी माणूस तोफगोळे नीट बनवत नाही, हा साधा हिशोब. भारताच्या १९४८च्या कायद्यात कलम ४६मध्ये कँटीनसाठी आकडा दिसतो तो हाच, २५०हून जास्त कामगार.

सहा वर्षांनी, १९५४ साली, पिंपरीत हिंदुस्तान अँटिबायोटिक्स उभी राहिली. १९६२ साली एमआयडीसी स्थापन झाली, मागोमाग मोठे कारखाने आले आणि या माळावर वेतन कराराची परंपरा रुजली. दर काही वर्षांनी युनियन आणि व्यवस्थापन टेबलावर बसतात, बेसिक, महागाई भत्ता, बोनस यांच्यासोबत कँटीनचं कलमही लिहिलं जातं. थाळीत काय काय, गोड कधी, नाइटला काय, दर किती. जुन्या कारखान्यांत काही दर वर्षानुवर्षं तिथेच थांबले, त्याचं कारण हे. थाळीचा दर गोठवणं हा वस्तूच्या रूपातला महागाई भत्ता ठरतो. बाहेर डाळ कितीही चढो, आतलं ताट जागेवर. औद्योगिक विवाद कायद्यातली वेतनाची व्याख्या पाहिली, तर सवलतीत मिळणाऱ्या धान्याची आणि इतर सोयींची किंमतही तिच्यात धरलेली होती. म्हणजे थाळीचा दर वाढला की पगारच तेवढा कापला गेला, असं म्हणणारा कामगार भावनेच्या भरात बोलत नसतो.

याच कायद्याच्या कलम ९अ प्रमाणे, चालत आलेली सवलत काढून घ्यायची तर २१ दिवसांची आगाऊ नोटीस द्यावी लागे. 'उद्यापासून' असं लिहिलेला कागद म्हणूनच जास्त भडका उडवतो. 'करारात होतं का?' हा कमिटी मेंबरला वाटेत गाठून विचारलेला प्रश्न कायद्याच्या भाषेत असाच विचारला जातो.

फावडं, कोबी आणि चॉकलेट

पण ज्यांनी कायद्याचं एक कलमही वाचलेलं नाही, त्यांनाही नेमका इथेच राग का येतो? १९८६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासासाठी डॅनियल कानेमन, जॅक नेच आणि रिचर्ड थेलर यांनी कॅनडातल्या लोकांना फोन करून काही प्रसंग विचारले. एक प्रसंग असा. दुकानदार बर्फ काढायचं फावडं १५ डॉलरला विकतो. रात्री हिमवादळ होतं आणि सकाळी तो दर २० करतो. योग्य की अन्याय्य? ८२ टक्के लोक म्हणाले, अन्याय्य. दुसरा प्रसंग कोबीसारख्या लेट्यूसचा. घाऊक बाजारात गड्डा ३० सेंटनं महागला, म्हणून भाजीवाल्यानंही बरोबर ३० सेंट वाढवले. इथे ७९ टक्के लोकांनी मान डोलावली. लोकांना दरवाढ खुपत नाही, अडचणीचा फायदा खुपतो. तुझा खर्च वाढला असेल तर दाखव आणि घे. माझी कोंडी झाली म्हणून घेणार असशील तर देणार नाही.

हा निष्कर्ष १९६३च्या नियमांशेजारी ठेवून वाचावा. मालाची किंमत तेवढी घ्या, कोंडीची किंमत घेऊ नका, हेच तर नियम सांगतात. पुढे नोबेल मिळवणाऱ्या दोघा अभ्यासकांनी टेलिफोनवरून जे शोधलं, ते आपल्या कारखान्यांच्या नियमपुस्तकात तेवीस वर्षं आधी कलमवार छापलेलं होतं.

फुकट चहाची गोष्ट याहून नाजूक. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात लोकांना भारी चॉकलेट १५ सेंटना आणि साधं १ सेंटला देऊ केलं, तेव्हा ७३ टक्क्यांनी भारी घेतलं. मग दोन्ही दर एकेका सेंटनं उतरवले. भारी १४, साधं फुकट. फरक तोच, तरी ६९ टक्के लोक फुकटाकडे वळले. शून्य ही किंमत माणसाच्या डोक्यात निराळ्या खणात बसते. ज्या कारखान्यात चहा वर्षानुवर्षं फुकट आहे, तिथे एक रुपया लावणं म्हणजे एका रुपयाची वाढ राहत नाही. 'तू आमचा' चं 'तू गिऱ्हाईक' होतं.

टोमॅटो गेटवरून जातो

व्यवस्थापनाची बाजूही खोटी नाही. चाकण ही कांद्या-बटाट्याची मोठी बाजारपेठ. पुणे-नाशिक महामार्गानं उत्तरेला पन्नासेक किलोमीटर गेलं की नारायणगाव, टोमॅटोचं आगर. जुलै २०२३मध्ये टोमॅटोनं किलोला शंभरी ओलांडली आणि जुन्नर तालुक्यातल्या काही शेतकऱ्यांनी कधी नव्हे ते पैसे पाहिले. त्यांच्या क्रेटनी भरलेले टेम्पो याच महामार्गानं चाकणवरून पुण्याकडे धावत होते आणि आतल्या कँटीनमध्ये कोशिंबिरीत काकडी वाढत चालली होती. काही महिन्यांनी, डिसेंबर २०२३मध्ये, केंद्रानं कांद्याच्या निर्यातीवर बंदी घातली. दर कोसळले, शेतकरी रस्त्यावर उतरले आणि कांदा-भजी परवडायला लागली. एकाच गावात, एकाच कांद्यावर, यार्डातला माणूस आणि कँटीनमधला माणूस नेमके उलट नवस बोलत असतात. पुष्कळदा दोघं एकाच घरातले असतात.

हा चढउतार प्रत्यक्ष झेलतो तो कँटीनचा ठेकेदार. बऱ्याच ठिकाणी कंपनी त्याला ताटामागे ठरलेला दर देते. कामगाराच्या पगारातून कापली जाते ती छोटी रक्कम, वरचा फरक कंपनी भरते. करार वर्षाचा, भाव रोजचा. भाव चढले आणि कंपनी दर वाढवून देईना, तर ठेकेदार काय करणार? वरण पातळ होतं, मटकीची जागा वाटाणा घेतो, पनीरचे तुकडे मोजता येतात. ही दरवाढच असते, फक्त तिची नोटीस लागत नाही. त्यामुळे कँटीन समितीत दराइतकंच वजनाला महत्त्व आहे. पदार्थांचा दर्जा, प्रमाण, मेनू आणि वेळा यांवर समितीचं म्हणणं घेतलं पाहिजे, असं नियमच सांगतात. अनुभवी समिती सभासद बिलं तपासायला बसत नाही. तो सरळ तिसऱ्या पंगतीला जाऊन जेवतो, कारण पाणी पडतं ते तिसऱ्या पंगतीच्या वरणात.

खुर्ची

हे सगळं वैभव अर्थात सगळ्यांच्या वाट्याला नव्हतं. खराबवाडी, निघोजे, कुरुळी, नाणेकरवाडी भागात सुट्या भागांचे असंख्य छोटे कारखाने आहेत. २५०ची अट तिथे लागत नसे, म्हणून जेवण म्हणजे घरचा डबा, टपरी किंवा खोलीजवळची मेस. बीड, लातूर, बुलढाणा, बिहार, उत्तर प्रदेशातून आलेल्या पोरांचं पोट या मेसवर चालतं. तिथे दर वाढला की निमूट द्यायचा. मोठ्या कारखान्यांतही कायम कामगार, कंत्राटी आणि ट्रेनी एकाच काउंटरवर उभे राहतात, पण त्यांच्या पगारातून कापली जाणारी रक्कम काही ठिकाणी वेगवेगळी असते. करार कायम कामगारांच्या युनियननं केलेला, ताट मात्र सगळ्यांचं.

२१ नोव्हेंबर २०२५पासून चार कामगार संहिता लागू झाल्या आणि हे चित्र हलायला लागलं. जुन्या कारखाने कायद्याची जागा घेणाऱ्या संहितेत कँटीनसाठीचा आकडा २५०वरून १००वर आला. मोजताना कंत्राटी कामगारही धरायचे आहेत. चाकणच्या कितीतरी व्हेंडर कंपन्या, ज्यांनी कधी पातेलं विकत घेतलं नाही, त्या या रेषेच्या आत येतात. सवलत बदलायची तर २१ दिवसांची नोटीस ही तरतूदही नव्या औद्योगिक संबंध संहितेत कायम आहे.

तेव्हा पुढच्या वेळी कँटीनच्या दाराशी दरवाढीचा कागद दिसला, तर बहिष्काराआधी तीन गोष्टी विचारून बघाव्यात. वाढ किराण्याची आहे, की गॅस-पगाराची? ती समितीपुढे आली होती का? आणि दर वाढला तसं ताटातलं वजन तरी जागेवर राहणार आहे का? पहिल्याचं उत्तर 'किराणा' असेल आणि बाकी दोन्हींचं 'हो', तर रुपया देऊन टाकावा. लेट्यूसवाल्याला लोकांनी दिला तसा. हजारो डॉलरचं तिकीट काढलेल्या प्रवाशाला हे तीन प्रश्न विचारायला जहाजावर जागा नाही. त्याला फार तर पुढच्या वर्षी दुसरं जहाज शोधता येतं. कारखान्यातल्या माणसाला मात्र दर ठरतो त्या टेबलावर खुर्ची दिलेली आहे, तीही मालकाच्या प्रतिनिधीच्या बरोबरीची. पुष्कळ कारखान्यांत समितीच्या निवडणुकीला कुणी उभंच राहत नाही, ही मात्र आपली करणी.